बाप्तिस्म्यानंतरच्या शंका

नीळकंठशास्त्री गोरे पाद्र्याकडे गेले ते त्याला वादात हरवायला. गाव काशी, काळ 1840 नंतरचा, शास्त्रीबुवांचे वय विशीच्या आतबाहेर. घराणे चित्पावन. आजोबा बांद्याच्या नवाबाकडे मोठ्या अधिकारावर होते, पुढे कुटुंब काशीत येऊन राहिले. मुलगा व्याकरण आणि न्याय शिकलेला, घरची शिवोपासना सोडून स्वतःच्या विचाराने विष्णुभक्तीकडे वळलेला. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ तेव्हा काशीत प्रवचने करीत. या माणसाला एकदा निरुत्तर करावे, एवढाच तरुण शास्त्र्याचा हेतू होता.

त्याच्या आधी, 1839 साली, जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचे संस्कृत पुस्तक लिहून ख्रिस्ती धर्मच कसा खरा हे पंडितांना त्यांच्याच भाषेत सांगितले होते. नीळकंठशास्त्र्यांनी त्याला संस्कृतातच उत्तर दिले, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. त्यातले आक्षेप आजही कुठल्या ख्रिस्ती माणसाने सहज बाजूला सारावेत असे नाहीत. एक मूल आंधळे जन्मते, दुसरे धडधाकट. पूर्वजन्म नाही म्हणता, तर या विषमतेचा जाब कोणाला विचारायचा? ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही त्यांनी नरकात का जावे? चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापाला अनंतकाळची शिक्षा, हा न्याय कसा? आणि तर्काने देव सापडत नसतो, आधी श्रद्धा लागते, हेही त्यांनी त्यातच बजावले होते.

हे सगळे विचारणारा माणूस 14 मार्च 1848 रोजी बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. काशीत नातेवाइकांचा रोष होता म्हणून विधी जौनपूरला उरकावा लागला. स्मिथनी वाचायला दिलेल्या नव्या कराराने, त्यातही डोंगरावरच्या प्रवचनाने, वाद करायला आलेल्याला थांबवले होते. पण बाप्तिस्म्याने त्यांचे प्रश्न धुऊन गेले नाहीत, आणि मला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते त्यासाठीच.

मी जन्माने ख्रिस्ती. अहमदनगरच्या मंडळीत वाढले, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. आमच्याकडे साक्ष देण्याची पद्धत आहे. रविवारच्या उपासनेत किंवा घरच्या प्रार्थनासभेत कुणीतरी उभे राहते आणि सांगते: मी अंधारात होतो, प्रभूने हाक मारली, मी प्रकाशात आलो. आधी आणि नंतर. मधली वर्षे कुणी सांगत नाही. बाहेरच्या समाजात हीच गोष्ट उलटी सांगतात: अमुक बाटला, पैशासाठी बाटला, बाईसाठी बाटला, भाकरीसाठी बाटला. दोन्हीकडच्या सांगण्यात माणूस एका दिवसात इकडचा तिकडे होतो. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती माणसांनी स्वतः लिहून ठेवलेली पुस्तके आणि पत्रे वाचली की मात्र दिसते ते असे, की ही माणसे वर्षानुवर्षे शंकेत होती आणि शंकेतूनच श्रद्धेपर्यंत चालत गेली. काही तर शंका बरोबर घेऊनच पोहोचली.

त्या काळात शंका घेणे स्वस्त नव्हते. 1839 साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांनी धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाला बाप्तिस्मा दिला तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. 1843 साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. त्याला कोर्टाने आईवडिलांच्या ताब्यात परत दिले. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर वर्षभर रण माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू घेतली आणि स्वतः सनातन्यांचा राग ओढवून घेतला. धर्म बदलणाऱ्याचा वडिलार्जित मालमत्तेवरचा हक्क शाबूत ठेवणारा कायदा आला 1850 मध्ये. नवऱ्याने धर्म बदलला आणि बायको त्याच्याबरोबर राहायला तयार नसेल, तर त्या लग्नाचे काय करायचे, याचा कायदा व्हायला 1866 उजाडले. त्याआधीच्या माणसाला मनात शंका आली तर ती थेट घरावर, शेतावर, आईच्या हातच्या जेवणावर येत असे. जेवणाची पंगत तुटली की माणूस जिवंतपणीच घराला मेलेला असे.

बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. 1831 साली बेळगावात कासार घराण्यात जन्म, वडील धर्मशील. बेळगावच्या मिशन शाळेतून मुलगा मुंबईला शिकायला गेला आणि तिथे परमहंस सभेत शिरला. ही सभा दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी 1849 च्या सुमारास काढलेली, पूर्ण गुप्त. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, म्हणजे जात सोडल्याची खूण पटते. कुठल्याही धर्माची निंदा करायची नाही आणि कुठलाच ग्रंथ ईश्वराने दिलेला, प्रमादरहित असा मानायचा नाही, ही तिथली तत्त्वे. विशीतल्या बाबांना यातले धैर्य आवडले होते. पण दार लावून जात मोडायची आणि रस्त्यावर आल्यावर गंध लावून हिंडायचे, हे त्यांच्या मनाला खात राहिले. मनातून ख्रिस्तावर विश्वास बसू लागल्यावरही त्यांना तीच अडचण आली. विश्वास ठेवून गप्प राहता येईल का? वडिलांना काय सांगायचे? ‘अरुणोदय’ मध्ये हा सगळा लांबलेला काळ आहे आणि मला तो बाप्तिस्म्याच्या प्रकरणापेक्षा अधिक खरा वाटतो. शेवटी 3 सप्टेंबर 1854 रोजी बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तीनच वर्षांनी, 1857 मध्ये, त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. मराठी कादंबरीचा इतिहास तिच्यापासून सुरू करतात. तिच्यात विधवांची परवड गावोगाव फिरून पाहणारी यमुना आहे. लेखकाचा प्रचाराचा हेतू तिच्यात लपत नाही, तशी त्या बायकांविषयीची त्याची कळकळही लपत नाही. परमहंस सभा 1860 च्या सुमारास सभासदांची यादी फुटल्यावर मोडली. बाबा पदमनजी मात्र 1906 पर्यंत लिहीत राहिले.

गोऱ्यांकडे परत येते. 1853 साली त्यांना मुलगी झाली आणि थोड्याच महिन्यांत तिची आई लक्ष्मीबाई गेली. मूल युरोपियन कुटुंबात वाढायला दिले. हीच एलन लक्ष्मी गोरे, जिची इंग्रजी भक्तिगीते पुढे जगभरच्या देवळांत गाइली गेली. 1854 मध्ये पंजाबचा पदच्युत राजा दुलीपसिंग विलायतेला निघाला, त्याच्याबरोबर पंडित म्हणून गोरे गेले. ज्या देशाने ख्रिस्ताचे नाव काशीपर्यंत पोहोचवले तो देश त्यांनी डोळ्यांनी पाहिला: लंडनची श्रीमंती, लंडनची दारू, गरिबांची दैना. मॅक्स म्युलर यांना ते भेटले तेव्हा त्यांची मनःस्थिती फार वाईट होती. लंडनमध्ये पाहिले तोच जर ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नाही, या निर्णयाच्या काठावर ते उभे होते. म्युलर यांनी ही भेट आपल्या आठवणींत नोंदवली आहे. त्याग, वैराग्य, उपास या गोष्टी ज्याच्या रक्तात होत्या त्याला मांसमद्याच्या मेजवानीवर प्रार्थना म्हणणारे पाद्री कसे वाटले असतील, याची कल्पना मराठी माणसाला करता येते.

ते परत आले आणि ख्रिस्तीच राहिले. इतका हादरा बसल्यावर माणूस परत फिरला असता तर कुणाला नवल वाटले नसते. ‘षड्दर्शनदर्पण’ हे त्यांचे हिंदी पुस्तक 1860 चे. सहाही दर्शनांची न्यायाच्या पद्धतीने चिरफाड करणारे हे पुस्तक विलायतेतल्या संस्कृतज्ञांपर्यंत गेले. फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी केले. म्हणजे काशीत शिकलेली हत्यारे त्यांनी टाकली नव्हती. पण हीच हत्यारे ते स्वतःवरही चालवीत. चार्ल्स गार्डनर यांनी 1900 साली लिहिलेले त्यांचे चरित्र वाचताना पानोपानी जाणवते, की अनंतकाळच्या शिक्षेचा तो तरुणपणचा आक्षेप त्यांना म्हातारपणीही टोचत होता. आपला विश्वास कमी पडतो, आपण आळशी आहोत, आपण ढोंगी तर नाही ना, असे ते स्वतःला विचारत राहिले. त्यांनी पुरोहिताची दीक्षा घेतली. काउली फादर या अँग्लिकन संन्यासी संघात ते गेले, पण तिथेही उमेदवारीच्या पायरीवरच राहिले. मला हे अपयश वाटत नाही. जो माणूस शपथ घेण्याआधी स्वतःला शंभरदा विचारतो, त्याच्या शब्दावर मी अधिक भरवसा ठेवते.

आणि त्यांनी एक गोष्ट फार स्पष्टपणे सांगितली होती, जी आमच्या मंडळ्यांनी विसरून टाकली. ज्या ग्रंथांचे आपण खंडन केले त्यांनीच आपल्याला अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा या गोष्टी आधी शिकवल्या, आणि त्यामुळेच हिंदू माणसाचे मन ख्रिस्ताला ओळखायला तयार झालेले आहे, असे त्यांचे मत होते. आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेला शिवी न देता ख्रिस्ताजवळ जाता येते, हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका शास्त्र्याने लिहून ठेवले आहे.

उतारवयातली त्यांची बरीच वर्षे पुण्यात गेली, पंचहौद मिशनमध्ये. पंचहौद म्हटले की पुण्याच्या इतिहासाला चहा आठवतो. ऑक्टोबर 1890 मध्ये तिथे झालेल्या समारंभात रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा आला, नावे वर्तमानपत्रात छापली गेली, आणि प्रायश्चित्तावरून पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच आवारात, त्याच्या आठ वर्षे आधी, एक विधवा पंडिता या म्हाताऱ्या शास्त्र्याशी धर्मावर बोलायला येत असे. त्या बोलण्याचा परिणाम त्या चहापेक्षा किती तरी मोठा झाला.

पंडिता रमाबाई 1882 मध्ये पुण्याला आल्या तेव्हा त्यांचे वय चोवीस. त्यांची शंका ख्रिस्ती माणसाशी पहिली भेट होण्याच्या आधीची आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करला. सगळे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे पायी हिंडले, देवळांत पुराण सांगितले, जे मिळाले ते दान केले, उपास केले, अनुष्ठाने केली. दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई तेवढे राहिले, आणि त्यांचा मूर्तींवरचा विश्वास त्या रस्त्यांवरच संपला. पुढे कलकत्त्यात त्यांना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या मिळाल्या. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हाती दिली. धर्मशास्त्रे वाचताना त्यांना दिसले, की एरवी एकमेकांना खोडून काढणारे सगळे ग्रंथ एका बाबतीत एकमताचे आहेत: बाई वाईट, आणि तिला मोक्ष हवा तर आधी पुरुष व्हावे लागेल. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न झाले, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पतीही गेले. त्याच संसारात, सिल्चरला, लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली होती.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. आणि पंचहौदात नेहेम्या गोरे यांच्याकडे जाऊन प्रश्न विचारले. रमाबाईंचा तेव्हाचा ओढा ब्राह्मो मताकडे: एक देव, मूर्ती नाही, मध्यस्थ नाही. गोऱ्यांनी त्यांना दाखवले, की हा दयाळू पिता असलेला देव तुम्ही म्हणता त्या शास्त्रांत नाही. ब्राह्मोंनी तो ख्रिस्ती शिकवणुकीतूनच घेतला आहे. त्या लगेच मान्य करणाऱ्यांपैकी नव्हत्या. ‘स्त्रीधर्मनीति’च्या पैशातून तिकीट काढून त्या 1883 मध्ये इंग्लंडला निघाल्या तेव्हाही आपण ख्रिस्ती होणार नाही असे त्यांनी स्नेह्यांना सांगितले होते.

वाँटेजच्या मठात त्यांना उतरायला जागा मिळाली. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच स्वतःचा जीव घेतला. परक्या देशात, हातात लहान मनोरमा, आणि बरोबरची मैत्रीण अशी गेलेली. या काळाविषयी लिहिताना घाईने निष्कर्ष काढू नयेत असे मला वाटते. त्यांच्या मनात काय काय झाले असेल ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी स्वतः जे सांगितले त्यात दोन गोष्टी येतात. एक म्हणजे लंडनमधल्या फुलहॅमला त्या मठातल्या सिस्टर्सनी ‘पतित’ म्हटलेल्या बायकांसाठी चालवलेले घर. आपल्या शास्त्रांनी ज्या बायकांना कुत्र्यांपुढे टाकायला सांगितले, त्यांना इथे कुणी जवळ घेते, हे त्यांनी पाहिले. हे का करता असे विचारल्यावर सिस्टरने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई वाचून दाखवली. दुसरी गोष्ट गोऱ्यांचे पत्र. ख्रिस्ती धर्म ईश्वराने दिलेला आहे याला काही पुरावा आहे का, या प्रश्नावर त्यांनी हिंदुस्थानातून लांबलचक उत्तर लिहून पाठवले. ते पुढे पुस्तक म्हणून छापले गेले. शंकेखोराचे शंकेखोराला पत्र. मला नेहमी वाटते, की ज्याने कधी शंका घेतली नाही अशा माणसाने लिहिले असते तर रमाबाईंनी ते बाजूला ठेवले असते. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. इकडे पुण्यात हलकल्लोळ माजला.

खरा वाद मात्र त्यानंतर वाँटेजमध्येच सुरू झाला. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यात जी पत्रे गेली-आली, चेल्टनहॅम कॉलेजच्या डोरोथिया बील यांच्याशी जी झाली, ती वाचताना अंगावर काटा येतो. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धांत पटत नव्हता. अथानेशियन मतांगीकार, ज्यात न मानणाऱ्याला शाप आहे, तो म्हणायला त्यांचा नकार होता. त्या अंडे घातलेले पदार्थ खात नसत, आणि सिस्टरला त्यात जातीचा गर्व दिसे. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, लॅटिन काय अधिक पवित्र आहे, असा सवाल त्यांनी केला. इंग्रज पुरुषांना हिंदी स्त्रीने शिकवणे हिंदुस्थानातल्या बिशपांना रुचले नाही, तेव्हा तेही त्यांनी मुकाट्याने सोसले नाही. फार कष्टाने आपण एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरवले आहे, आता दुसरे घ्यायला तयार नाही, असे त्यांनी लिहिले. आज्ञाधारकपणा हा सद्गुण आहे असे शिकलेल्या सिस्टरला हा उद्धटपणा वाटला, आणि तिलाही दोष देववत नाही. तिचे प्रेम तिच्या ओळींत दिसते. पण या भांडणात रमाबाईंनी एकदाही ख्रिस्ताला सोडले नाही, आणि एकदाही न पटलेले पटले असे म्हटले नाही.

पुढे 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, मग ते पुण्याला, मग 1893 चा गहजब. मुली ख्रिस्ती होतात म्हणून रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ही हकीकत मराठी वाचकाला परिचित आहे. कमी परिचित आहे ते त्यांनी स्वतः नंतर सांगितलेले: बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्या हाती ख्रिस्ती धर्म आला होता; ख्रिस्त स्वतः भेटला तो आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास. बाप्तिस्मा झालेली, धर्मशास्त्रावर बिशपांशी भांडलेली, विधवांसाठी घर उघडलेली बाई सांगते की तोपर्यंत मला शांती नव्हती. आमच्या साक्षीच्या साच्यात ही आठ वर्षे कुठे बसवायची?

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंची कथा घराघरांत आहे, म्हणून थोडक्यात. आगगाडीत भेटलेल्या गोऱ्या माणसाने नवा करार दिला, आणि बाप्तिस्मा झाला तो पुष्कळ वाचून, पत्रे लिहून, 10 फेब्रुवारी 1895 रोजी. लक्ष्मीबाई पाच वर्षे थांबल्या. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून आपण झालो असे त्यांनी होऊ दिले नाही. आधी वेगळे पाणी, वेगळी चूल, मग मनातून सोवळे गळून पडले, आणि मग 1900 साली बाप्तिस्मा. ‘स्मृतिचित्रे’ विनोदासाठी वाचतात. मी ते एका बाईच्या सावकाश झालेल्या विचारासाठी पुन्हा वाचा म्हणेन. टिळकांनीही शेवटी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती.

आता एक गोष्ट, जी मला बोचते. वर सांगितलेली सगळी माणसे लिहिणारी होती आणि बहुतेक ब्राह्मण. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती मात्र महार आणि मांग घराण्यांतून आलेले. माझे आजोबा नेवासे तालुक्यातले, वडाळ्याच्या मिशन शाळेत शिकलेले. त्यांच्या वडिलांनी गावकीची कामे करता करता बाप्तिस्मा घेतला. त्यांना शंका आल्याच नसतील असे कोण म्हणेल? पण त्या कुणी लिहून घेतल्या नाहीत. मिशनच्या अहवालात त्यांची मोजदाद आहे, मनात काय चालले होते ते नाही. एकच आवाज त्या बाजूने स्पष्ट ऐकू येतो, आणि तो ख्रिस्ती मुलीचा नाही: मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतल्या या मांग मुलीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. वेद आमचे नाहीत म्हणता, तर मग आमचा धर्म कोणता, असे तिने देवालाच विचारले होते. माझ्या पणजोबांच्या पिढीतल्या माणसांच्या मनात याहून वेगळा प्रश्न असेल असे मला वाटत नाही. भाकरीसाठी बाटले, असे त्यांच्याविषयी म्हणणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

आजी केडगावची. संवत छपन्नच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये आणलेल्या मुलींपैकी एक. तिचे मूळ गाव, जात तिलाही ठाऊक नव्हती. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे पवित्र शास्त्र मराठीत आणायला घेतले, तेव्हा मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवीत. आजी त्यांतली. विद्वानांसाठी नाही, खेड्यातल्या बाईला कळेल असे शास्त्र बाईंना हवे होते, हे ती अभिमानाने सांगे.

माझा धाकटा भाऊ विषमज्वराने गेला तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरी रात्ररात्र प्रार्थना झाल्या होत्या. त्यानंतर मी शब्बाथशाळेत विचारले, की देवाने ऐकले का नाही. आणि बाप्तिस्मा न घेता मेलेले आमचे पणजोबांचे आईवडील कुठे आहेत. प्रश्न विचारणे म्हणजे विश्वासात कमी, असे उत्तर मिळाले. मी उपासनेला जाणे सोडले नाही, पण आतून बंद झाले. पुढे शिक्षिका झाल्यावर एका ग्रंथालयात रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचे पुस्तक हाती आले. माझा पहिला प्रश्न रमाबाईंचा होता, दुसरा गोऱ्यांचा. दोघांनाही पूर्ण उत्तर मिळालेले नव्हते आणि दोघेही ख्रिस्ताजवळ राहिले होते. आजीला हे सांगितले तेव्हा तिला आश्चर्य वाटले नाही. तिने मार्कच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप काढून दाखवला, जो येशूला एकाच दमात सांगतो की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला हात दे. त्या माणसाला येशूने परत पाठवले नाही, त्याचा मुलगा बरा केला. माझा भाऊ बरा झाला नाही, आणि त्याचे कारण मला आजही कळलेले नाही. तरी त्या संध्याकाळनंतर मी जी प्रार्थना करते ती माझी आहे. माझी श्रद्धा त्या दिवसापासूनची.

गोरे 29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईत वारले. मनोरमा 1921 मध्ये गेली, रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी. त्यांचे मराठी बायबल 1924 मध्ये बाहेर पडले. पत्रव्यवहाराचे पुस्तक अ. भि. शहा यांनी संपादित केलेले. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ते 1977 मध्ये काढले. ते इंग्रजीत आहे. पाळकसाहेबांना आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की दृढीकरणाच्या वर्गात मुलांना विश्वासाचा अंगीकार पाठ करून घ्या, पण त्याबरोबर या पत्रांतली चार तरी मराठीत सांगा, आणि ‘अरुणोदय’ वाचायला द्या. एखाद्या मुलाने प्रश्न विचारला तर त्याला खाली बसवू नका. रमाबाई त्या वर्गात असत्या तर त्यांनी तोच प्रश्न विचारला असता.